विजेवरची गाडी आणि बिनअंगणाचे घर

नागपूरच्या उत्तरेस, पेंच नदीच्या परिसरात पारशिवनी हे तालुक्याचे गाव आहे. या नदीवर तोतलाडोह येथे १६० मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र असून, कोराडी व खापरखेडा येथील मोठी औष्णिक केंद्रेही याच जिल्ह्यात आहेत. अशा वीजसंपन्न मुलुखात विजेवर चालणारी गाडी घेऊ पाहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांपुढे मात्र एक साधाच प्रश्न उभा राहतो. उंबरठ्यापासून रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत, चार हातांच्या त्या अंतरात, वीज न्यावी कशी?

ज्याच्या घरास अंगण आहे त्यास ही अडचण जाणवत नाही. रात्री गाडी आत घ्यावी, भिंतीवरील प्लगला जोडावी, की सकाळी ती तयार! परंतु जुन्या वस्त्यांतून घरांच्या भिंती थेट रस्त्यास भिडलेल्या असतात. तेथे गाडी रात्रभर सार्वजनिक जागेत राहते आणि वीज भिंतीच्या आत.

गाडीस वीज किती लागते, हे प्रथम पाहू. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. विजेवरच्या स्कूटरची बॅटरी साधारणपणे दोन ते चार युनिटांची असते. सातशे वॅटचा चार्जर तीन युनिटांची बॅटरी चार-पाच तासांत भरतो; म्हणजे हा भार इस्त्रीएवढाच झाला. मोटारीची गोष्ट निराळी. तीस युनिटांची बॅटरी पंधरा अँपिअरच्या प्लगवर भरावयाची झाल्यास नऊ-दहा तास लागतात, आणि तितका वेळ सुमारे साडेतीन हजार वॅटचा भार अखंड चालू राहतो. लहान घराचा मंजूर भार बहुधा याहून कमी असतो. तेव्हा तो आधी वाढवून घ्यावा लागतो.

अडलेला मनुष्य खिडकीतून लांब वायर बाहेर सोडतो. ही युक्ती सोपी वाटते, परंतु ती अत्यंत धोक्याची होय. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली वायरचे आवरण झिजते. पावसाळ्यात तिचा जोड साचलेल्या पाण्यात बुडतो. आणि त्याच गल्लीतून मुले अनवाणी धावतात, गुरे जातात. वेटोळे करून ठेवलेली वायर तापते, ती वेगळीच. नागपूरकडील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तर तिला थंड होण्यास वावच राहत नाही. गाडीसाठी घरात योग्य जाडीची स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारा खटका असावा, हे खरे; पण यांपैकी कशानेही रस्त्यावर पडलेली वायर निर्धोक होत नाही.

स्कूटरपुरता उपाय सुटसुटीत आहे. काही स्कूटरींची बॅटरी काढून घरात नेता येते. तिचे वजन भरलेल्या लहान घागरीइतके असते, म्हणून म्हाताऱ्या माणसास ती जिन्यावरून नेणे जड जाते. ती उघड्या फरशीवर, अंथरुणापासून दूर ठेवून भरावी. बाहेर पडण्याच्या वाटेत ठेवू नये. तैवानमध्ये २०१५ पासून रिकामी बॅटरी केंद्रावर देऊन भरलेली घेण्याची सोय आहे. मोटारीची बॅटरी मात्र शेकडो किलो वजनाची असते. तिच्यासाठी सार्वजनिक जागाच हवी.

अशा जागा थोड्या असल्या म्हणजे काय होते, हे नागपूरने पाहिले आहे. २०१७ च्या मे महिन्यात तेथे विजेवरच्या टॅक्सी सुरू झाल्या, आणि पुढे चालकांचा बराच वेळ चार्जिंगच्या रांगेत जाऊ लागला. ज्याचा वेळ म्हणजेच मिळकत, त्यास स्वस्त विजेचे कौतुक कितीसे राहणार?

केंद्राच्या वीज मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये असे स्पष्ट केले की, वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. त्यास परवाना लागत नाही. म्हणून एखादा किराणा दुकानदार किंवा गिरणीवालाही असे केंद्र काढू शकतो. पिठाच्या गिरणीत थ्री-फेज जोडणी बहुधा असतेच. तथापि महाराष्ट्रात वाहनांच्या चार्जिंगचा दर निराळा असल्यामुळे मीटर स्वतंत्र घ्यावा लागतो. हलक्या वाहनांसाठी भारतीय मानक संस्थेने २०२१ मध्ये तीन किलोवॅटच्या साध्या उपकरणाचे मानक ठरविले. त्याची किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आत राहावी, असा त्यामागे हेतू होता.

लंडनमध्ये रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांतच प्लग बसविले आहेत. जुने दिवे काढून एलईडी लावल्याने त्या तारांवरचा भार घटला आणि उरलेली वीज गाड्यांच्या कामी आली. आपल्याकडील खांब या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. अनेक गावांत पथदिव्यांची तार केवळ दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत जिवंत असते, आणि गल्लीतल्या गाड्याही नेमक्या त्याच वेळी उभ्या असतात. तार पातळ असल्यास मोटारीचा भार तिला पेलणार नाही. स्कूटरीचा पेलेल किंवा कसे, हे खांबागणिक मोजावे लागेल. शिवाय पथदिव्यांचे बिल स्थानिक संस्था भरते, म्हणून गाडीवाल्याची वीज मोजणारे निराळे मीटर त्या खांबावर बसवावे लागेल.