नळी कुणाच्या हातात?

परदेशात लायपोसक्शन करून घ्यावं का, अशी चौकशी केली की हल्ली उत्तर व्हॉट्सॲपवर येतं, आणि तेही लगोलग. ‘लायपो ३६०, व्हेझर तंत्राने. चार रात्री हॉटेल, विमानतळावरून नेण्याआणण्याची गाडी, दुभाषा, घट्ट बेल्ट मोफत.’ शहर इस्तंबूल असेल, बँकॉक असेल. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी मेक्सिको किंवा डॉमिनिकन रिपब्लिक असेल. यंत्राचं नाव ठळक अक्षरांत असतं. भूल कोण देणार, किती लिटर काढणार, सहाव्या दिवशी ताप आला तर फोन कुणाला करायचा, यातलं काहीच त्यात नसतं.

मग रुग्णही यंत्रांचीच तुलना करत बसतो. व्हेझर बरं की लेझर? पाण्याच्या फवाऱ्याचं ते नवीन काय आहे? प्रश्न वावगा नाही, पण त्याचा नंबर चौथा-पाचवा लागतो. तरी तोच आधी घेऊ, कारण तो मिटल्याशिवाय डोकं दुसरीकडे वळत नाही.

चरबी बाहेर काढण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न फसला होता. १९२० च्या दशकात शार्ल द्यूजारिए या फ्रेंच सर्जननी एका नर्तकीच्या पायावरची चरबी खरवडून काढली. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडला आणि कापावा लागला. पुढे कित्येक वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. १९७० च्या दशकात रोममधल्या आर्पाद आणि जॉर्जो फिशर या बापलेकांनी पोकळ नळीला ओढयंत्र जोडलं. पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी त्याच सुमाराला बोथट टोकाची नळी वापरायला सुरुवात केली. या बोथटपणातच सगळं आहे. धारदार कडा नसल्यामुळे नळी पुढे सरकताना नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी बाजूला होतात आणि मऊ चरबी तेवढी सुटून येते. आजची सगळी तंत्रं या नळीचीच पुढची पिढी आहेत.

मात्र रक्तस्रावाचा प्रश्न सुटला नव्हता. काही न टोचता, कोरड्या पद्धतीने चरबी ओढली तर बाहेर येणाऱ्या ऐवजात वीस ते पंचेचाळीस टक्के रक्तच असायचं. हे बदललं कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञामुळे. सलाइनमध्ये भुलीचं लिग्नोकेन, रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनलिन आणि थोडा सोडा बायकार्ब मिसळून ते पाणी त्यांनी चरबीत भरपूर भरलं. जागा टणक होईपर्यंत फुगवायची, थांबायचं आणि मग ओढायचं. ही ट्युमेसंट पद्धत त्यांनी १९८५ मध्ये वापरायला घेतली आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. रक्ताचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. माझ्या मते लायपोसक्शनच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. जाहिरातीत ती दिसत नाही याचं कारणही तेच असावं.

या पाण्याला स्वतःचे नियम आहेत. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा वजनाच्या दर किलोला सात मिलिग्रॅम. चरबीतून औषध हळूहळू रक्तात उतरतं म्हणून क्लाइन यांनी १९९० मध्ये या पद्धतीसाठी पस्तीस मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा मांडली. साठ किलोच्या बाईसाठी ती २१०० मिलिग्रॅम होते. लिटरला ५०० मिलिग्रॅम औषध घातलं असेल तर चार लिटरच्या थोडं पुढे गेलं की हद्द संपली. पोट, कंबर, पाठ, दंड आणि मांड्या एकाच बैठकीत करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब जरूर विचारावा. पूर्ण भूल देऊन करणारे सर्जन लिग्नोकेन कमी घालतात, मग प्रश्न भूलतज्ज्ञाकडे सरकतो. आणखी एक गोष्ट. या औषधाची रक्तातली पातळी टेबलावर असताना नाही, तर साधारण बारा-चौदा तासांनी शिखरावर जाते. सकाळी ऑपरेशन झालं, तर रात्री. त्या वेळी पॅकेजमधला रुग्ण हॉटेलच्या खोलीत असतो.

आता यंत्रं. साधी पद्धत म्हणजे हातातली नळी आणि मागे ओढयंत्र. सर्जनचा हात पिंजाऱ्यासारखा पुढेमागे, वेगवेगळ्या दिशांनी चालत राहतो. अंगमेहनत मोठी, पण नळीच्या टोकाला काय लागतंय हे हाताला समजतं. पॉवर-असिस्टेड प्रकारात मोटर नळीला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे झटपट हिसके देते. सर्जन कमी थकतो, काम लवकर उरकतं. पाठीच्या आणि पुरुषांच्या छातीच्या चिवट चरबीत याचा खरा उपयोग होतो.

अल्ट्रासाउंडची कल्पना १९९० च्या आसपास इटलीच्या मिकेले झोक्की यांनी पुढे आणली. ध्वनिलहरींनी चरबी आधी पातळ करायची आणि मग ओढायची. सुरुवातीच्या यंत्रांनी कातडी भाजण्याचे आणि आत पाणी साठण्याचे प्रकार झाले. व्हेझर ही त्याची सुधारलेली पिढी. ऊर्जा कमी आणि थांबून-थांबून दिलेली, सळी बारीक, टोकाला खाचा. पुरुषांच्या छातीची वाढ, चिवट पाठ, आधी एकदा ऑपरेशन झालेली जागा, इथे व्हेझरला वाव आहे. कोलंबियातल्या बोगोटाचे अल्फ्रेदो ओयोस यांनी याच यंत्राने स्नायूंच्या रेषा उठून दिसतील असं ‘हाय-डेफिनिशन’ काम प्रसिद्ध केलं. दिसतं झकास. पण पुढे वजन पाच-सात किलो वाढलं की कोरलेल्या रेषांचं काय होतं, ते विचारून ठेवावं.

लेझरला अमेरिकेत परवानगी मिळाली २००६ मध्ये. बारीक तंतूने आतून उष्णता द्यायची, चरबी वितळवायची आणि कातडीही थोडी आकसवायची. हनुवटीखाली, दंडाला, लहान जागेला ठीक. मोठ्या पोटावर वेळ फार जातो आणि उष्णता जिथे जास्त झाली तिथे भाजतं. रेडिओफ्रीक्वेन्सीचा हेतूही कातडी आवळण्याचाच; तिथे एक टोक कातडीखाली, दुसरं वर, आणि सोबत तापमान मोजणारी सोय. पाण्याच्या फवाऱ्याच्या पद्धतीत द्रव मारणं आणि ओढणं एकाच वेळी चालतं. काढलेली चरबी दुसरीकडे भरायची असेल तर तिला मागणी असते. कातडी ‘आवळण्याचे’ दावे मात्र हात राखून घ्यावेत. दोन बाळंतपणांनंतर सैल झालेली पोटाची कातडी कुठल्याच उष्णतेने जागेवर जात नाही. तिथे कातडी कापून टाके घालणारं वेगळं, मोठं ऑपरेशन लागतं, आणि प्रामाणिक सर्जन ते पहिल्याच भेटीत सांगतो.

आणि ‘लायपो ३६०’ हे तंत्र नव्हेच. पोट, कुशी आणि पाठ असं सगळ्या बाजूंनी करणं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे जागा मोठी, द्रव जास्त, वेळ जास्त. गोठवून चरबी कमी करण्याचं उपकरणही या यादीत घुसवलं जातं, पण त्यात नळीच नाही. ‘वेदनारहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या उपचारात काहींच्या अंगावर चरबी कमी होण्याऐवजी त्याच जागी कडक होऊन वाढते. लिंडा इव्हँजेलिस्टा या प्रसिद्ध मॉडेलने २०२१ मध्ये आपल्यावर ही वेळ आल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगाला हे नीट कळलं. यंत्रांचा विषय मी इथेच आटोपता घेते. शेवटी दिसणाऱ्या परिणामात यंत्रापेक्षा हाताचा वाटा मोठा असतो.

नळी मुळात पोहोचते कुठे, हा प्रश्न आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. ती पोहोचते कातडी आणि स्नायू यांच्यामधल्या चरबीपर्यंत. बोटांच्या चिमटीत धरता येते ती ही चरबी. स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठलेली चरबी ती काढू शकत नाही. तिथे गेली तर आतडं फाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, ही आपल्याकडची ठेवणच आहे. असं टणक, चिमटीत न येणारं पोट घेऊन इस्तंबूलला गेलं तर पैसे जातात, पोट परत येतं.

मधुमेह आटोक्यात येईल या आशेवर असणाऱ्यांसाठी त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून दहा किलोच्या आसपास चरबी काढली गेली. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर इन्शुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातही सुधारणा नव्हती. लायपोसक्शन हे आकाराचं ऑपरेशन आहे, आजाराचं नाही आणि वजनाचंही नाही.

धोका कुठे आहे हे मृत्यूंच्या नोंदी वाचल्यावर कळतं. अमेरिकेतल्या सर्जनांकडून माहिती मागवून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साधारण पाच हजार ऑपरेशनांमागे एक मृत्यू निघाला होता. सर्वांत मोठं कारण होतं पायात किंवा ओटीपोटात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं. आतडं फाटणं, भूल आणि औषधांचे घोटाळे त्यामागोमाग. किती काढावं याला म्हणूनच मर्यादा आल्या. अमेरिकेत पाच लिटरच्या वर काढलं तर ते ‘मोठ्या प्रमाणावरचं’ समजतात, आणि अशा रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवावं अशी प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेची शिफारस आहे. कुणी ‘बारा लिटर काढले’ म्हणून फोटो टाकत असेल तर त्याला कौशल्य म्हणायचं की बेपर्वाई, ते वाचकाने ठरवावं.

सर्वांत जास्त जीव घेतले ते जोडून केल्या जाणाऱ्या कामाने, काढलेली चरबी नितंबांत भरण्याने. ही चरबी स्नायूत गेली तर तिथल्या मोठ्या शिरांमधून थेट फुप्फुसात पोहोचू शकते. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने या ऑपरेशनातल्या मृत्यूचा अंदाज तीन हजारांत एक इतका वर सांगितला. चरबी फक्त कातडीखालीच भरायची, असा दंडक त्यानंतर आला. फ्लोरिडाने २०२२ मध्ये एका सर्जनने दिवसात अशी तीनच ऑपरेशनं करावीत असा तातडीचा नियम काढला. तिसऱ्याच्या पुढचा नंबर आपला असेल तर आपल्याला कळणार कसं? परदेशी केंद्रात फोनवर भेटणारा ‘समन्वयक’ हे सांगत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्य-शस्त्रक्रियेनंतर २००९ ते २०२२ या काळात अमेरिकेचे ९३ नागरिक दगावले, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये नोंदवलं. तपशील हाती आलेल्या प्रकरणांत लायपोसक्शन आणि नितंबांत चरबी भरणं ही जोडी बहुतेक ठिकाणी होती.

गुठळीचा आणि विमानाचा संबंध जवळचा. पोटाच्या ऑपरेशननंतर किमान दहा दिवस विमानप्रवास टाळावा, असं सीडीसीचं सांगणं आहे. चार रात्रींच्या पॅकेजचं गणित इथेच मोडतं. हे उलट दिशेनेही लागू आहे. सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन, लग्नकार्यं उरकता-उरकता ऑपरेशन करून घेणाऱ्या आपल्या अमेरिका-ब्रिटनवासी मंडळींसाठी भारत हाच ‘परदेश’ असतो आणि परतीचा प्रवास बँकॉकपेक्षा कितीतरी लांबचा. त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट आहे. आपल्याकडे प्लास्टिक सर्जनकडे एम.सीएच. किंवा डीएनबी ही त्या विषयाची पदवी असते आणि नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येते. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या केंद्राला तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते मागावं. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या जेसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता असेल तर चांगलंच, पण ती रुग्णालयाला मिळते, नळी धरणाऱ्याला नाही.

विम्याचं एका ओळीत सांगता येईल. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा बसत नाही, आणि तिच्यातून उद्भवलेल्या दुखण्याच्या खर्चावरही कंपन्या हात वर करतात.

तंत्राचा काडीचा संबंध नसताना काय होऊ शकतं, याचं उदाहरण मेक्सिकोच्या सीमेवरच्या मातामोरोसमध्ये २०२३ साली दिसलं. तिथल्या दोन क्लिनिकांत लायपोसक्शनसाठी आलेल्या रुग्णांना पाठीच्या कण्यात भूल दिली होती. त्या वाटेने फ्युझेरियम नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचली. सुरुवात साध्या डोकेदुखीने झाली, काहींच्या बाबतीत बऱ्याच दिवसांनी, घरी परतल्यावर. अनेक रुग्ण दगावले. त्यांच्यावर कुठलं यंत्र वापरलं होतं याने काहीही फरक पडला नसता.

परदेशी जाण्यामागे स्वस्ताईइतकंच एक कारण लपवाछपवीचंही असतं. ‘फिरायला गेलो होतो’ म्हणून सांगता येतं. सासरी, ऑफिसात कळत नाही. मग महिन्याभराने जखमेजवळ गाठी येतात, त्या फुटून वाहतात, आणि फॅमिली डॉक्टरसमोरही ऑपरेशनचा विषय निघत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकहून परतलेल्या रुग्णांमध्ये २०१३-१४ च्या सुमारास मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या क्षयाच्या जंतूच्या भाईबंदाची लागण सापडली होती. तिला नेहमीची अँटिबायोटिक्स पुरत नाहीत, औषधं महिनोन्‌महिने चालतात. साध्या तपासणीत हा जंतू निसटू शकतो. त्यासाठी वेगळं कल्चर लावावं लागतं. ते लावायचं डॉक्टरांना सुचावं, तर ऑपरेशन कुठे झालं, कोणत्या तारखेला, भूल कुठली, पाण्यात लिग्नोकेन किती आणि लिटर किती काढले, हे लिहिलेला इंग्रजी कागद त्यांच्या हातात असायला हवा. तो परदेशातून निघण्यापूर्वी मागून घ्यायचा असतो. परत आल्यावर पाठवलेल्या व्हॉट्सॲपला तासाभरात उत्तर येईलच असं नाही.