वेबसाइटलाही सारवण लागतं



मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मला पुण्याहून एका ताईंचा फोन आला. "तुमच्या गटाच्या वेबसाइटवरचा पहिला नंबर बंद लागतोय, म्हणून दुसरा लावला," त्या म्हणाल्या. त्यांना चार किलो ज्वारीच्या शेवया हव्या होत्या. मी वहीत लिहून घ्यायला लागले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वेबसाइटवर शंभर टक्के ज्वारी लिहिलंय. म्हणजे गहू अजिबात नाही ना? माझ्या मुलीला सिलिॲक आहे."

मी म्हटलं, "ताई, विचारून सांगते." गटातल्या एका आजींच्या हातात शेवयांचं सगळं काम असतं, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तीन वर्षं झाली की गव्हाचं पीठ घालतोय! नुसत्या ज्वारीच्या शेवया तुटतात म्हणून तुम्हीच तक्रार केली होती ना?"

माझ्या पोटात धस्स झालं.

सिलिॲक हा साधा पथ्याचा प्रकार नाही. गहू आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की त्याच्या लहान आतड्याला इजा होते, आणि थोडंसं गेलं तरी होते. म्हणून अशा मुलाची आई ज्वारी, बाजरी, नाचणी शोधत फिरते. गंमत बघा, ज्या ग्लुटेनमुळे पिठाला चिकटपणा येतो, तेच या मुलांना चालत नाही. ज्वारीत ते नसतं, म्हणून ज्वारीच्या शेवया तुटतात. शेवया तुटू नयेत म्हणून आम्ही गहू घातला आणि वेबसाइटवर मात्र तसंच राहिलं, "शंभर टक्के ज्वारी".

आम्ही मुद्दाम कुणाला फसवलं नव्हतं. पाकिटावर 'ज्वारी, गहू, मीठ' असं बरोबर छापलं होतं. पाकीट रोज आमच्या हाताखालून जातं, म्हणून ते बदललं. वेबसाइट मात्र आमच्यातलं कुणी उघडतच नव्हतं. त्या ताईंनी विचारलं म्हणून निभावलं. न विचारता कुणी आधी मागवल्या असतील का, हे मला आजही माहीत नाही.

त्या रात्री मी मोबाइलवर आमची वेबसाइट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. ती २०१९ साली झाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आता तिच्यावर माजी अध्यक्षांचा बंद पडलेला नंबर होता. शेंगदाणा चटणीचा भाव २०१९ चाच होता. 'लवकरच येत आहे' म्हणून जाहीर केलेला नाचणीचा लाडू कधी आलाच नव्हता. फोटोतल्या दोन ताई गट सोडून गेल्या होत्या. आणि खाली दिमाखात लिहिलं होतं, 'ताजा माल, घरगुती चव'!

आपण सगळ्या इथेच चुकतो. वेबसाइट म्हणजे एकदा बांधून झालेलं घर, असं आपण धरतो. पण मातीच्या घरातली जमीन आठवा. कितीही चांगली केली तरी चार-आठ दिवसांनी सारवावी लागायची, नाहीतर पोपडे सुटायचे. वेबसाइटचं तसंच आहे. तिच्यावरची अक्षरं जागची हलत नाहीत, पण गावात भाव बदलतो, माणसं बदलतात, माल बदलतो. आपण काहीच केलं नाही तरी खरं लिहिलेलं हळूहळू खोटं होत जातं.

आता कुणी म्हणेल, रोज नवीन काहीतरी टाकायला आम्हाला वेळ कुठे आहे? रोज टाकायचंच नसतं, मैत्रिणींनो. कोणती गोष्ट किती दिवसांनी शिळी होते, एवढं ओळखायचं. आम्ही त्याचे चार भाग केले.

पहिला भाग, बदल झाला की त्याच दिवशी लिहायच्या गोष्टी. मालात काय घातलं आहे, फोन नंबर, आणि माल शिल्लक आहे की संपला. कृती बदलली तर नवीन पाकीट बाजारात जायच्या आधी वेबसाइट बदलायची. आम्ही आता हेही लिहिलंय की आमची ज्वारी ज्या गिरणीत दळली जाते, तिथेच गहूही दळला जातो. पीठ नुसतं ज्वारीचं असलं तरी गिरणीत गव्हाचा अंश मिसळतो, आणि सिलिॲकच्या घरात तेवढंही चालत नाही.

दुसरा भाग महिन्याचा, म्हणजे भाव आणि फोटो. शेंगदाणा, तेल, मिरची यांचे दर आपल्याला तोंडपाठ असतात. ते वाढले की आपला भाव वाढतो, पण गिऱ्हाइकाला जुनाच दिसतो आणि फोनवर वाद होतो. कधी सरकारी दरही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद फरसाणावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या गटांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांना तेव्हा दरपत्रक बदलावंच लागलं. फोटोबाबत एक सांगते. मोबाइलवर काढलेला फोटो फार जड असतो, तो तसाच टाकला तर वेबसाइट उघडायला वेळ लागतो. तो आधी व्हॉट्सॲपवर एकमेकींना पाठवा. तिथे तो आपोआप हलका होतो, मग तो वापरा.

तिसरा भाग हंगामाचा. हा तर आपला हातखंडा! संक्रांतीला तिळाचे लाडू, थंडीत हुरडा, होळीच्या आसपास पापड-कुरडयांची उन्हाळी कामं, श्रावणात उपवासाचं पीठ, दिवाळीला फराळ. गिऱ्हाईक सणाच्या आधी शोधतं, म्हणून सणाच्या महिनाभर आधी ती माहिती वर आणायची. आणि हंगाम संपला की ते पान पुसून टाकू नका. आम्ही हुरड्याचं पान काढून टाकलं होतं. पुढच्या वर्षी ज्यांनी जुनी लिंक जपून ठेवली होती, त्यांना तिथे काहीच दिसेना. आता आम्ही पान तसंच ठेवून वर एक ओळ लिहितो, "या वर्षीचा हुरडा संपला, पुन्हा थंडीत मिळेल."

चौथा भाग वर्षाचा. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, आपल्या कायमच्या मालकीचं नसतं. मुदतीपुरते पैसे भरून ते घेतलेलं असतं. होस्टिंग म्हणजे ती ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, तिथलं भाडं. मुदत चुकली तर वेबसाइट बंद पडते, आणि ते नाव दुसरा कुणी घेऊ शकतो. मग आपल्या गटाच्या नावावर जुगाराच्या जाहिरातीही झळकू शकतात. आमची मुदतीची सूचना जात होती वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर, आणि तो मुलगा नोकरीसाठी कधीच परगावी गेलेला. पासवर्डही त्याच्याकडेच. आता ईमेल गटाच्या नावावर आहे, पासवर्ड बंद पाकिटात गटाच्या पेटीत आहे, आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही वर्षातून एकदा पाकिटाशी आणि वेबसाइटशी ताडून बघतो.

गुगलचं काय, असं मला नेहमी विचारतात. गुगलचे प्रोग्रॅम सगळ्या वेबसाइटवर फेऱ्या मारत असतात आणि काय बदललं ते टिपून घेतात. म्हणून कुणी सल्ला देतं, नुसती तारीख बदला, वेबसाइट ताजी दिसेल. तसं करू नका. शिळ्या भाजीवर पाणी मारल्यासारखं आहे ते. गुगललाही नुसत्या तारखेची कारागिरी मान्य नाही, आणि गिऱ्हाइकाला तर पहिल्या फोनलाच कळते. खरा बदल केला, तरच तारीख बदलायची.

आता शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे काम एकट्या मोबाइलवालीवर टाकू नका. आमच्याकडे ते मासिक बैठकीत होतं. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, इतिवृत्त लिहून झालं की एक मुलगी वेबसाइट मोठ्याने वाचते. बाकीच्या ऐकतात आणि 'खरं' किंवा 'खोटं' म्हणतात. खोटं निघालं की तिथल्या तिथे दुरुस्ती. दहा-पंधरा मिनिटं लागतात. पहिल्याच वाचनात सगळ्यात जास्त चुका कुणी काढल्या माहीत आहे? त्याच आजींनी. त्यांना अक्षरओळख नाही, मोबाइल धरता येत नाही. पण चटणीत लसूण कधीपासून कमी केला, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. वेबसाइट लिहायला एकीला यावं लागतं, पण ती खरी आहे की नाही, हे सगळ्या मिळूनच सांगू शकतात.

आपली दशसूत्री 'नियमित' या शब्दाने सुरू होते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित परतफेड. बँक आपल्यावर विश्वास ठेवते तो याच नियमितपणामुळे. लांबचं गिऱ्हाईक आपला चेहरा बघत नाही, आपलं लिहिलेलं बघतं. त्याचा विश्वासही तसाच कमवावा लागतो.

पुण्याच्या ताईंना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि खरं ते सांगितलं. शेवया त्यांनी घेतल्या नाहीत. भाकरीचं विचारलं, तर गिरणीचं सांगितलं. तीही घेतली नाही. "सांगितलंत ते बरं झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार किलोची ऑर्डर गेली. पण 'शंभर टक्के' हे शब्द त्या रात्रीच आम्ही काढून टाकले.

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं उरकली की आपल्या गटाची वेबसाइट उघडा, आणि आपण अनोळखी गिऱ्हाईक आहोत असं समजून वाचा. सगळ्यात आधी तिच्यावरचा फोन नंबर लावून बघा. तो कुठे वाजतो, तिथूनच सुरुवात करा.