थेंबाचे माप

शिवालयात पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या बुडाच्या बारीक छिद्रातून एकेक थेंब संथपणे पडत राहतो आणि एवढेसे पात्र कितीतरी वेळ पुरते. तेच पात्र उपडे केले तर पाणी क्षणात वाहून जाते. पाणी तितकेच, फरक केवळ देण्याच्या रीतीचा. ठिबक सिंचनाचे सारे मर्म या फरकात साठविलेले आहे. शहरातील घरी येणारी केळी, द्राक्षे व डाळिंबे यांपैकी पुष्कळशी फळे आज याच रीतीने पोसली जातात. म्हणून तिचे सामर्थ्य कशात आहे आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे नागरिकांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वापार चालत आलेली रीत पाटाची. विहिरीचे पाणी पाटात सोडावयाचे, हाती फावडे घेऊन दारे धरावयाचे, एक वाफा भरला की दुसऱ्याचे तोंड उघडावयाचे. या रीतीत झाडाबरोबर झाडांमधली मोकळी जमीनही भिजते. त्या ओलाव्यावर तण माजते, काही पाणी उन्हाने उडून जाते आणि काही मुळांच्या खाली झिरपते. शिवाय झाडाची स्थिती एकदा चिखल व एकदा कोरड अशी होते. भिजविल्यानंतर मुळांना हवा मिळत नाही आणि पुढील पाळी येईपर्यंत पाणी मिळत नाही.

या दुखण्यावर उपाय काढला तो सिमखा ब्लास या इस्रायली जलअभियंत्याने. गळक्या नळाशेजारचे एक झाड इतरांहून जोमाने वाढलेले त्याच्या दृष्टीस पडले आणि त्यावरून त्यास ही कल्पना सुचली. नळीस नुसते बारीक छिद्र पाडले तर ते मातीच्या कणाने तत्काळ बुजते. म्हणून त्याने पाण्यास लांब व नागमोडी वाटेने फिरविण्याची युक्ती योजिली. वाट लांब असली की छिद्र थोडे मोठे ठेवूनही पाण्याचा वेग मंदावतो. १९६५-६६ च्या सुमारास हात्सेरिम येथील सामुदायिक वसाहतीने या शोधाचे कारखान्यात उत्पादन सुरू केले. महाराष्ट्रात पुढे जळगावची केळी, नाशिकची द्राक्षे व सोलापूरची डाळिंबे यांच्या बागांतून ही पद्धत रुजली.

ठिबकाच्या संचाची रचना समजण्यास कठीण नाही. विहिरीवरील पंपातून आलेले पाणी प्रथम वाळूच्या व नंतर जाळीच्या गाळणीतून जाते. मग मुख्य नळ, उपनळ आणि अखेरीस झाडांच्या ओळीशेजारून जाणाऱ्या काळ्या नळ्या यांतून ते फिरते. या नळ्यांवर ठराविक अंतराने बसविलेल्या तोट्या तासाला दोन, चार किंवा आठ लिटर पाणी सोडतात. काळ्या जमिनीत थेंब आडवा पसरतो, वाळूसर जमिनीत तो सरळ खाली उतरतो. म्हणून तोट्यांमधील अंतर जमिनीचा स्वभाव पाहूनच ठरवावे लागते.

झाडास पाणी थेंबाथेंबाने पोचविता आले, की त्याच वाटेने अन्नही पोचविता येते. यालाच फर्टिगेशन अथवा खतसिंचन म्हणतात. एरवी युरियाचा मोठा हप्ता एकदम टाकून वर पाटाचे पाणी सोडले, की त्यातील नत्र नायट्रेटच्या रूपाने खाली झिरपते आणि विहिरीच्या पाण्यात उतरते. शेतकऱ्याचा पैसा जातो आणि गावाचे पिण्याचे पाणी बिघडते. स्फुरदाची अडचण निराळी. ते चुनखडीयुक्त काळ्या मातीत पडल्या जागी बांधले जाते आणि मुळांपर्यंत सहसा सरकत नाही. पाण्यात पूर्ण विरघळणारी खते लहान लहान मात्रांनी, दर आठवड्यास, वाढीच्या अवस्थेप्रमाणे थेट ओल्या मुळाशी दिली, की या दोन्ही अडचणी पुष्कळ कमी होतात. खत नळीत ओढून घेण्यासाठी बहुधा व्हेंच्युरी नावाचे साधे उपकरण वापरतात. नळी मध्येच अरुंद केली की तेथे पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबामुळे शेजारच्या टाकीतील खताचे पाणी आपोआप आत खेचले जाते.

मात्र या सोयीबरोबर शिस्तही येते. प्रथम थोडा वेळ निव्वळ पाणी, मग खत आणि शेवटी नळ्या धुऊन निघण्यासाठी पुन्हा निव्वळ पाणी, हा क्रम सोडून चालत नाही. कॅल्शियम नायट्रेट हे खत सल्फेट अथवा फॉस्फेट असलेल्या खतांबरोबर एकाच टाकीत कालविले, तर न विरघळणारा साका तयार होतो आणि तोट्या बुजतात. पंप बंद पडताच खताचे पाणी उलट विहिरीत शिरू नये म्हणून एकमार्गी झडप हवीच. आणखी एक गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. ठिबकाच्या ओलीच्या कडेला क्षार साठत जातात. पहिल्या हलक्या पावसाने ते पुन्हा मुळांकडे ढकलले जातात. म्हणून अशा पावसात संच बंद न करता चालू ठेवणे हिताचे असते.

आता थोडा हिशेब. पूर्ण वाढलेल्या केळीस कडक उन्हाळ्यात दररोज सुमारे २० लिटर पाणी लागते. दीड मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे दिवसाला जवळजवळ ८९ हजार लिटर पाणी झाले. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजनांत माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या मापाने हे पाणी साडेसहाशेहून अधिक नागरिकांचे झाले, आणि तेही ठिबक वापरून! पीकच तहानलेले असेल, तर तोटी त्याची तहान कमी करीत नाही. ती केवळ सांडलवंड थांबविते.

येथेच या विषयाचे खरे मर्म आहे. ठिबकाने वाचलेल्या पाण्याचे पुढे काय होते? बहुधा शेतकरी त्यावर आणखी एक एकर भिजवितो. त्याच्या दृष्टीने हे अगदी स्वाभाविक आहे. कर्ज काढून संच बसविला तो उत्पन्न वाढावे म्हणूनच. परंतु पाटाचे जे पाणी पूर्वी ‘वाया’ जात असे, त्यातील काही भाग झिरपून शेजाऱ्याच्या विहिरीस मिळत होता. आता झिरपणे घटले आणि पिकाने शोषून घेणे वाढले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अनेक देशांच्या अनुभवावरून हाच इशारा दिला आहे. पाणी वापरावर बंधन नसेल, तर केवळ सुधारलेल्या साधनांनी पाण्याचा एकूण खप घटत नाही. उलट तो वाढूही शकतो. केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या यावल व रावेर या तालुक्यांत ठिबकाचा मोठा प्रसार होऊनही भूजलाची पातळी वर्षानुवर्षे खाली जात आली, ही गोष्ट या संदर्भात विचार करावयास लावणारी आहे.

याचा अर्थ ठिबक निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. तीच तोटी गावाने घातलेल्या मर्यादेत बसविली, की तिचे फळ निराळे मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पावसाचे पाणी अडविले, जिरविले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याचा परिपाठ घातला. शेतीसाठी विंधन विहिरी खोदावयाच्या नाहीत, ऊस व केळी यांसारखी अतितहानलेली पिके घ्यावयाची नाहीत, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. अशा गावात ठिबकाने वाचविलेला थेंब खरोखरच शिल्लक राहतो.

तात्पर्य, माप दोन ठिकाणी हवे. एक झाडाच्या मुळाशी. ते काम तोटी चोख करिते. दुसरे गावाच्या विहिरीशी. ते काम कोणत्याही यंत्रास साधणारे नाही, ते माणसांनी एकत्र बसूनच करावयाचे आहे. अभिषेकपात्रातील थेंब कितीही सावकाश पडला तरी पात्र कोणी भरलेच नाही, तर ते केव्हातरी रिते होणारच.