माध्यमिक स्तरावरील सामाजिक शास्त्रांचे अध्यापन : आशय आणि मूल्यमापन
(महाराष्ट्रातील इयत्ता दहावीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांमध्ये इयत्ता दहावीपर्यंत सामाजिक शास्त्रे हा विषय अनिवार्य असतो. अकरावीत विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा इतिहास व राज्यशास्त्राशी असलेला औपचारिक संबंध तेथेच संपुष्टात येतो. दहावीचा विद्यार्थी साधारणतः पंधरा-सोळा वर्षांचा असतो. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले असल्यामुळे त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो मतदार होतो. उद्याचे अभियंते, डॉक्टर व लेखापाल यांना संविधान, निवडणूक प्रक्रिया आणि भूतकाळाकडे पाहण्याची दृष्टी यांविषयी मिळणारे अखेरचे सलग शिक्षण बहुधा हेच असते. म्हणूनच दहावीचा हा अभ्यासक्रम नेमके काय शिकवितो, हा प्रश्न केवळ शालेय शिक्षकांचा राहत नाही.

उद्दिष्टे :

१. सामाजिक शास्त्रे या विषयाच्या जडणघडणीचा आढावा घेणे.
२. इयत्ता दहावीच्या पाठ्यपुस्तकांचा आशय समजून घेणे.
३. आशय व मूल्यमापन यांतील अंतराचे स्वरूप स्पष्ट करणे.

विषयाची जडणघडण :

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांचा एकत्रित विचार करणाऱ्या सामाजिक अध्ययन या विषयाचा पुरस्कार केला. विद्यार्थ्याने आपल्या सामाजिक परिसराशी जुळवून घ्यावे, ही त्यामागील भूमिका होती. पुढे १९७५ च्या दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाच्या राष्ट्रीय आराखड्यात सामाजिक शास्त्रे ही संज्ञा पुढे आली आणि प्रत्येक ज्ञानशाखेच्या स्वतंत्र पद्धतीला महत्त्व मिळाले. 'अध्ययन' जाऊन 'शास्त्र' येणे हा केवळ शब्दबदल नव्हता. परिसराशी जुळवून घेण्याबरोबरच त्याची चिकित्सा करणे, हेही यात अभिप्रेत होते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी हा विचार अधिक स्पष्ट झाला. नागरिकशास्त्र हा विषय वसाहतकाळात राजनिष्ठ प्रजा घडविण्याच्या हेतूने शाळेत आला, याकडे सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाविषयीच्या राष्ट्रीय गटाने लक्ष वेधले व त्याऐवजी राज्यशास्त्र हे नाव व आशय सुचविला. महाराष्ट्रात सहावी ते आठवीच्या पुस्तकांत नागरिकशास्त्र हे नाव राहिले. नववी व दहावीत मात्र 'इतिहास व राज्यशास्त्र' असे पुस्तक आले. आज्ञाधारक नागरिकाऐवजी विचार करणारा नागरिक घडावा, ही अपेक्षा या नावातच अंतर्भूत आहे.

पाठ्यपुस्तकांचा आशय :

२०१८ साली लागू झालेले दहावीचे इतिहासाचे पाठ्यपुस्तक या दृष्टीने लक्षणीय आहे. राजवटी, लढाया व सनावळी यांऐवजी त्याचा आरंभ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांनी होतो. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स व फुको, तसेच कल्हण, बखरकार, राजवाडे, कोसंबी व रणजित गुहा यांचा परिचय पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यास होतो. पुढील प्रकरणे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांविषयी आहेत. 'काय घडले?' या प्रश्नाकडून 'जे घडले ते आपणांस कसे कळते?' या प्रश्नाकडे जाण्याचा हा प्रयत्न होय.

राज्यशास्त्राच्या भागात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने अशी पाच प्रकरणे आहेत. शासनसंस्थांच्या रचनेइतकेच नागरिकांच्या कृतीला येथे स्थान आहे. शेतकरी, कामगार, आदिवासी व स्त्रिया यांच्या चळवळी लोकशाहीच्या अंगभूत भाग म्हणून येतात.

भूगोलाच्या पुस्तकात क्षेत्रभेटीच्या पाठानंतर भारत व ब्राझील या दोन देशांचा तौलनिक अभ्यास आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ का आणि गंगेच्या मैदानात दाट का, याचे उत्तर पाठांतराने मिळत नाही. प्राकृतिक रचना, हवामान व आर्थिक व्यवहार यांचे नकाशे एकमेकांशी जोडूनच ते मिळते. साधनांची चिकित्सा, संस्थांचे आकलन आणि कार्यकारणभावाचा शोध ही तीन कौशल्ये हा अभ्यासक्रम शिकवू पाहतो, असे म्हणता येईल.

मूल्यमापनातील अंतर :

विषयाच्या १०० गुणांपैकी इतिहास व राज्यशास्त्रास ४०, भूगोलास ४० आणि अंतर्गत मूल्यमापनास २० गुण अशी विभागणी रूढ झाली. पहिल्या ४० गुणांतही इतिहासास २८ व राज्यशास्त्रास १२ गुण येतात. भावी मतदारास संविधान व निवडणूक शिकविणाऱ्या भागाला शंभरातील बारा गुण मिळाल्यावर वर्गातील त्याचे स्थान काय राहील, हे सांगणे कठीण नाही. क्षेत्रभेट व प्रकल्प यांना वाव देऊ शकणारे अंतर्गत गुण २०१८-१९ या वर्षी काढून टाकण्यात आले व २०१९-२० पासून पुन्हा देण्यात आले. अशा धरसोडीत शिक्षकाने या उपक्रमांवर किती वेळ खर्च करावा, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

मुख्य अडचण मात्र प्रश्नांच्या स्वरूपात आहे. व्हॉल्टेअरचे महत्त्व राजकारणाबरोबर व्यापार, चालीरीती व सामाजिक परंपरा यांनाही इतिहासाच्या कक्षेत आणण्यात आहे. परीक्षेच्या तयारीत मात्र तो आधुनिक इतिहासलेखनाचा जनक म्हणून रिकाम्या जागेत भरावयाचे नाव बनतो. सभासद बखर छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली, हे विद्यार्थ्यास पाठ असते. परंतु ती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर लिहिली गेल्यामुळे समकालीन पत्रापेक्षा तिचे वाचन वेगळ्या रीतीने का करावे लागते, हे त्यास क्वचितच विचारले जाते. परिणामी चिकित्सेची पद्धतच पाठांतराचा विषय होऊन बसते.

याचा दोष केवळ शिक्षकांवर ठेवता येणार नाही. दाट वर्ग, अपुऱ्या तासिका व निकालाचा ताण या मर्यादांत ते काम करतात. काही प्रकरणांत नावांची व संकल्पनांची गर्दी इतकी आहे की, थोडक्यात टिपणे उतरवून देणे हाच सोपा मार्ग ठरतो. जो प्रश्न परीक्षेत येत नाही, तो वर्गातही येत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाशी संबंध :

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना काहीच येत नाही, अशी तक्रार महाविद्यालयांत नेहमी ऐकू येते. वस्तुतः हे विद्यार्थी साधने, परंपरा व चळवळी यांची नावे ऐकूनच आलेले असतात. त्यांचा वापर करण्याची संधी मात्र त्यांना मिळालेली नसते. म्हणून प्राध्यापकांनी दहावीची ही पुस्तके एकदा अवश्य वाचावीत. इतिहासाच्या पहिल्या तासिकेस बखरीतील एक उतारा व त्याच प्रसंगाविषयीचे एक पत्र समोर ठेवावे. राज्यशास्त्राच्या वर्गात गावच्या ग्रामसभेचे इतिवृत्त किंवा प्रभागाची मतदारयादी अभ्यासास घ्यावी. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत छात्राध्यापकांकडून पाठ टाचणाबरोबरच एका साधनावर आधारित तीन प्रश्न तयार करून घ्यावेत.

समारोप :

दहावीच्या सामाजिक शास्त्रांचा आशय गेल्या काही दशकांत निष्ठेकडून चिकित्सेकडे सरकला. मूल्यमापन मात्र स्मरणाभोवतीच फिरत राहिले. पाठ्यपुस्तक जे मागते ते प्रश्नपत्रिकेने मागितले नाही, तर अभ्यासक्रमातील बदल मुखपृष्ठापुरता उरतो. एखादा अपरिचित उतारा, नकाशा वा वृत्त देऊन त्यावर स्वतःचे मत कारणांसह मांडण्यास सांगणारे प्रश्न वाढविणे, हा यावरील व्यवहार्य उपाय होय. ज्या विद्यार्थ्यांची या विषयाशी दहावीनंतर पुन्हा भेट होणार नाही, त्यांच्या दृष्टीने तो अधिक निकडीचा आहे.