धडक देणारं मूल
संध्याकाळी सोफ्यावरून उडी, मग आईच्या पोटात डोक्याने धडक. अनेक स्वमग्न मुलांच्या घरात हे रोजचं. आणि शेजारी म्हणतात, ‘लाडावून ठेवलंय!’ तसं नाही हो. हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागतोय, हे स्नायू-सांध्यांतले संवेदक मेंदूला सतत कळवत असतात. काही मुलांना ही खबर पुसट पोहोचते, म्हणून ती जोराचा दाब शोधतात, असं थेरपिस्ट मानतात. अमेरिकेच्या जीन एअर्स यांनी १९७२च्या पुस्तकात मेंदूत होणाऱ्या संवेदनांच्या जुळणीचा सिद्धान्त मांडला. ओरडून दाबाची ही भूक भागत नाही. कणीक तिंबू द्या, अर्धी बादली उचलू द्या, भिंत ढकलू द्या. तेही धडक बसण्याआधी. प्रत्येक मुलाचं गणित वेगळं, तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टना जरूर विचारा. आणि घरच्यांनो, त्या दमलेल्या आईला रोज तासभर तरी सुट्टी द्या.