यंत्रांची तुलना आणि बिघाडाचे निवेदन : काही मराठी वाक्यरचनांचा विचार

(१)

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी, पवनार हे गाव आहे. १९३८ साली विनोबा भावे येथे राहावयास आले आणि त्यांच्या परंधाम आश्रमामुळे गावाचे नाव सर्वत्र परिचित झाले. यंत्राविषयी, विशेषतः सामान्य माणसाच्या हातात द्यावयाच्या यंत्राविषयी, वर्ध्याच्या परिसरात त्या काळी जितका बारकाईने विचार झाला तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. कातणीच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग विनोबांनी पवनारला येण्यापूर्वीच नालवाडीस केला होता. ज्या वर्षी ते पवनारास आले त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्यात मगन संग्रहालय सुरू झाले आणि ग्रामोद्योगांची साधने तेथे पाहावयास मिळू लागली. टकळी बरी की चरखा, एक चात बरी की दोन, हाताने चालणारे यंत्र बरे की पायाने चालणारे, हे प्रश्न तेथे केवळ मताचे नव्हते. त्यांवर कातणाऱ्याची रोजची मिळकत अवलंबून होती.

आज पवनारसारख्या गावातील तरुणापुढे तुलनेसाठी उभी असलेली यंत्रे निराळी आहेत. दूरचित्रवाणीस जोडावयाचा गेम कन्सोल कोणता घ्यावा, संगणक कोणता घ्यावा आणि तो बिघडल्यावर दाद कोणाकडे व कोणत्या शब्दांत मागावी, हे त्याचे प्रश्न आहेत. वरवर पाहता या प्रश्नांचा भाषाविज्ञानाशी संबंध दिसत नाही. परंतु यंत्रांची तुलना हे एक वाक्य असते आणि बिघाडाची तक्रार हेही एक वाक्यच असते. ही वाक्ये कशी घडतात, त्यांत काय सांगितले जाते व काय गळते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

प्रथम तुलनेचे वाक्य घेऊ. मराठीत विशेषणाला तुलनादर्शक प्रत्यय लावण्याची जिवंत पद्धत नाही. ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय संस्कृत शब्दांपुरतेच राहिले आहेत. तुलनेचा भार ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय वाहते आणि विशेषण मूळ रूपातच राहते : ‘हे यंत्र त्या यंत्रापेक्षा वेगवान आहे.’ या रचनेत तुलनेचे परिमाण कोणते हे केवळ विशेषणावरून कळते. ‘वेगवान’, ‘स्वस्त’, ‘हलके’ ही विशेषणे परिमाण उघड करतात. ‘चांगले’, ‘भारी’, ‘पॉवरफुल’ ही ते झाकतात. ‘भारी’ या शब्दाची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. वजनाचा वाचक असलेला हा शब्द आजच्या बोलीत उत्कृष्टतेचा वाचक झाला आहे. त्यामुळे ‘हा कन्सोल त्यापेक्षा भारी आहे’ या वाक्याचा व्याकरणदृष्ट्या काहीही दोष नसताना त्यातून माहिती जवळजवळ काहीच मिळत नाही.

ही उणीव आकडे भरून काढतील असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आकडाही शेवटी शब्दांच्या संगतीतच अर्थ देतो. १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रास ‘आठ-बिट’ आणि १९८८ च्या सेगा मेगाड्राइव्हला ‘सोळा-बिट’ म्हणत. ‘आठ-बिट यंत्र’ हा, मराठी व्याकरणाच्या परिभाषेत, मध्यमपदलोपी समास होय. ‘कांदेपोहे’ म्हणजे कांदे घालून केलेले पोहे हे कोणाही मराठी माणसास सांगावे लागत नाही, कारण लोप पावलेले मधले पद त्याला ठाऊक असते. ‘आठ-बिट यंत्र’ या समासात मात्र ते पद ग्राहकाला ठाऊक नसते. आठ बिट कशाचे? प्रक्रियक एका वेळी जी संख्या हाताळतो तिचे, की प्रक्रियक व स्मृती यांमधील वाहिनीचे? मेगाड्राइव्हमधील मोटोरोला ६८००० या प्रक्रियकातील अंतर्गत कोष्ठे ३२ बिटांची असून बाह्य वाहिनी १६ बिटांची आहे. मधले पद बदलले की आकडाही बदलतो. १९९३ साली अटारी जॅग्वार हे यंत्र ‘चौसष्ट-बिट’ म्हणून विकावयास आले. त्यातील काही घटक खरोखरच ६४ बिटांचे होते; पण त्याच यंत्रात जुना ६८००० हा प्रक्रियकही होता. आकडा खोटा होता असे म्हणता येत नाही. लोप पावलेले पद विक्रेत्याने आपल्या सोयीने निवडले होते, इतकेच.

एकाच परिमाणावर केलेली तुलना किती फसवी ठरते याचे उदाहरणही त्याच काळातले आहे. मेगाड्राइव्हच्या प्रक्रियकाचा वेग ७.६७ मेगाहर्ट्झ होता, तर १९९० च्या सुपर फॅमिकॉमचा वेग जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ होता. ‘पेक्षा’चे वाक्य येथे सरळ आहे : पहिले यंत्र दुसऱ्यापेक्षा वेगवान. परंतु पहिले यंत्र पडद्यावर सामान्यतः एका वेळी ६४ रंग दाखवी, तर दुसरे २५६ दाखवू शके. शिवाय निरनिराळ्या जातीचे प्रक्रियक एका ठोक्यात निरनिराळे काम करतात. म्हणून मेगाहर्ट्झचा आकडा दोन भिन्न जातींमध्ये समान मापही ठरत नाही.

अलीकडची उदाहरणे याहून गुंतागुंतीची आहेत. २०२० च्या नोव्हेंबरात बाजारात आलेल्या दोन कन्सोलांची तुलना ‘टेराफ्लॉप’ या एकाच आकड्याने सर्वत्र होत असे : एक्सबॉक्स सिरीज एक्स १२.१५ आणि प्लेस्टेशन ५ हे १०.२८. हा आकडा कसा निघतो ते पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप ध्यानात येते. प्लेस्टेशन ५ च्या चित्रप्रक्रियकात ३६ गणनगट आहेत. प्रत्येकात ६४ गणक. प्रत्येक गणक एका ठोक्यात दोन क्रिया करतो. आणि ठोक्यांचा वेग सेकंदास जास्तीत जास्त २.२३ अब्ज. या चारांचा गुणाकार म्हणजे १०.२८ लक्ष कोटी क्रिया. दुसऱ्या यंत्रात गणनगट ५२ आणि वेग १.८२५ अब्ज आहे. म्हणजे हा आकडा कोणी यंत्र चालवून मोजलेला नाही. सर्व गणक क्षणभरही रिकामे न राहिल्यास गाठली जाईल अशी ती सैद्धांतिक मर्यादा आहे. उलट, साठवणीतून माहिती वाचण्याच्या वेगात प्लेस्टेशन ५ सेकंदास ५.५ गिगाबाइट, तर एक्सबॉक्स सिरीज एक्स २.४ गिगाबाइट. तेव्हा ‘कोणते यंत्र श्रेष्ठ’ या प्रश्नास एक उत्तर नाही. ‘कशात श्रेष्ठ’ असे विचारल्यावरच उत्तर संभवते.

(३)

येथे वर्ध्याच्या परंपरेकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्यासाठी घातलेल्या अटी म्हणजे यंत्रतुलनेच्या भाषेचा एक नमुनाच होय. यंत्र वजनाने हलके असावे आणि झोपडीत हाताने वा पायाने चालवता यावे. स्त्रीला त्यावर आठ तास फार श्रम न होता काम करता यावे. तेवढ्या वेळात १६,००० वार सूत निघावे. किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी. वेळोवेळी निगा राखल्यास ते निदान २० वर्षे चालावे आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेकडा ५ हून अधिक नसावा. हे पारितोषिक कोणालाही मिळाले नाही. पण अटींची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक अटीत परिमाण उघड केलेले आहे. यंत्राचा वेग हा यंत्राचा गुण म्हणून न सांगता ते चालवणाऱ्याच्या आठ तासांशी जोडला आहे. आणि दुरुस्ती ही खरेदीनंतरची आपत्ती न मानता ती यंत्राच्या व्याख्येतच अंतर्भूत केली आहे. कन्सोलांच्या जाहिरातींत नेमके हेच शेवटचे पद लोप पावलेले असते.

(४)

आता दुसऱ्या प्रकारच्या वाक्याकडे, म्हणजे बिघाडाच्या निवेदनाकडे वळू. ‘चात वाकली’, ‘माळ सैल झाली’ ही चरख्याविषयीची वाक्ये घ्यावीत. त्यांत भागाचे नाव आहे, दोष आहे आणि उपायाची दिशाही आहे. लक्षण आणि कारण येथे एकरूप आहेत, कारण यंत्राचे सर्व अवयव चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात. ‘कॉम्प्युटर हँग झाला’ या वाक्यात मात्र केवळ परिणाम आहे. उसना शब्द आणि ‘होणे’ हे क्रियापद यांच्या संयोगातून घडलेली ही रचना मराठीच्या प्रकृतीस धरूनच आहे. तिच्या परकेपणाविषयी खेद मानण्याचे कारण नाही. अडचण निराळी आहे : पेटीच्या आत काय घडले हे बोलणाऱ्यास दिसत नाही, म्हणून तो फक्त लक्षण सांगू शकतो, आणि ऐकणारा पुष्कळदा त्यालाच कारण समजतो.

लक्षणाला कारण मानण्याची चूक किती महाग पडते, याची दोन उदाहरणे सर्वज्ञात आहेत. फॅमिकॉमच्या धर्तीच्या यंत्रांवर खेळलेल्या पिढीला ‘कॅसेट फुंकणे’ हा प्रयोग आठवत असेल. (खेळाच्या पुडीला ‘कॅसेट’ म्हणणे हाही ध्वनिफितीवरून झालेला अर्थविस्तारच.) चित्र न दिसणे हे लक्षण, धूळ हे गृहीत कारण आणि फुंकर हा उपाय. बहुधा गुण येई तो फुंकरीचा नव्हे, तर पुडी काढून पुन्हा बसवल्याने संपर्क जुळल्याचा. फुंकरीतील ओलाव्याने धातूचे संपर्क गंजण्याचीच शक्यता अधिक. दुसरे उदाहरण एक्सबॉक्स ३६० चे. त्याच्या दर्शनी वलयाच्या चार भागांपैकी तीन लाल होऊन लुकलुकू लागले म्हणजे यंत्रात ‘सर्वसाधारण बिघाड’ झाला असे समजावयाचे. ही खूण बिघाड झाल्याचे सांगे, कोणता ते सांगत नसे. काही लोक यंत्र टॉवेलात गुंडाळून तापवीत आणि ते तात्पुरते चालू झाले म्हणजे उपाय सापडला असे मानीत. वस्तुतः तापमानाच्या वारंवार चढउताराने आतील सूक्ष्म जोड तुटणे हेच मूळ दुखणे होते. अखेर २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने या बिघाडापुरती हमीची मुदत तीन वर्षे केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढली.

(५)

लक्षण अचूक सांगण्याची साधने मराठीत मुळीच उणी नाहीत. ‘चालू होत नाही’ आणि ‘चालत नाही’ यांतील भेद प्रत्येक मराठी भाषक जाणतो : पहिल्यात यंत्र सुरूच होत नाही, तेव्हा वीजपुरवठ्यापासून तपास सुरू करावा, दुसऱ्यात ते सुरू होऊनही अपेक्षित काम करीत नाही. ‘बंद होतो’ आणि ‘बंद पडतो’ यांतही असाच भेद आहे. फार तापल्यामुळे यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी रीतसर थांबते तेव्हा ‘बंद होतो’ हे अधिक योग्य. मध्येच अवचित थांबते तेव्हा ‘बंद पडतो’ हेच तोंडात येते, कारण ‘पडणे’ या सहायक क्रियापदात अनिच्छेची व आकस्मिकतेची छटा आहे. तसेच ‘बंद पडला’, ‘बंद पडतो’ आणि ‘अधूनमधून बंद पडतो’ या तीन वाक्यांत एकवार घडलेला, नित्य घडणारा आणि अनियमित असे तीन बिघाड सांगितले जातात; तंत्रज्ञाच्या दृष्टीने त्यांचे तपास तीन वाटांनी जातात.

सर्वांत नाजूक प्रश्न कर्त्याचा आहे. पडणे व पाडणे, फुटणे व फोडणे, तुटणे व तोडणे, जळणे व जाळणे अशा अकर्मक-सकर्मक जोड्या मराठीत विपुल आहेत. तक्रार करणारा बहुधा अकर्मक रूप वापरतो : ‘पडला’, ‘पाणी सांडले’. हमीच्या अटींत मात्र निर्णय कर्त्यावर अवलंबून असतो. दोष मुळातला की वापरणाऱ्याने केलेला, हे तेथे ठरवावयाचे असते. म्हणून मदत देणारा ‘तुम्ही पाडला का?’ असे सकर्मक रूप वापरतो, आणि ऐकणाऱ्यास तो आरोप वाटतो. या दोहोंच्या मध्ये मराठीने एक तिसरी रचना दिली आहे : ‘माझ्या हातून पडला.’ तीत सहभाग कबूल होतो, हेतू नाकारला जातो आणि घडलेली गोष्ट लपत नाही. ‘तुमच्या हातून कधी पडला होता का?’ असे विचारणाऱ्या तंत्रज्ञास खरे उत्तर मिळण्याचा संभव कितीतरी अधिक असतो.

(६)

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व उघड आहे. यंत्रावरील सूचना इंग्रजीत, तक्रारीचा अर्ज इंग्रजीत आणि बिघाडाचा अनुभव मराठीत, अशी स्थिती असता मधल्या भाषांतरात प्रथम गळतात ती हीच सूक्ष्म रूपे. ‘बंद होतो’, ‘बंद पडतो’, ‘चालू होत नाही’, ‘चालत नाही’ ही चारही वाक्ये अर्जात उतरताना ‘नॉट वर्किंग’ या दोन शब्दांत कोंबली जातात. तंत्रज्ञ चुकीच्या वाटेने तपास करतो. आणि यंत्र दुरुस्तीस नेण्याची एक खेप वाया जाते. शहरात ही खेप म्हणजे एक तास. खेड्यात ती एका दिवसाची मजुरी असू शकते. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले, तसेच राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते, ही समाधानाची गोष्ट होय. पण हक्क असणे आणि तो वापरता येईल असे वाक्य हाताशी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

तेव्हा परिभाषाकोशांत केवळ नामांची भर घालून हे काम पुरे होणार नाही. ‘संगणक’ म्हणावे की ‘कॉम्प्युटर’ या वादात जितकी शक्ती खर्च झाली तिचा अल्पांश जरी बिघाडाच्या क्रियापदांकडे वळला असता तरी सामान्य माणसाची अधिक सोय झाली असती. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दुरुस्तीच्या दुकानांत प्रत्यक्ष बोलली जाणारी तक्रारवाक्ये टिपून घेतली, त्यांतील क्रियापदे, काळ, कर्त्याची उपस्थिती व भागांची नावे यांप्रमाणे त्यांचे वर्गीकरण केले आणि प्रत्येक वर्गापुढे अखेर आढळलेला खरा दोष नोंदवला, तर तंत्रज्ञाने कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत याची एक विश्वसनीय मराठी प्रश्नावली तयार होऊ शकेल. काय दिसले, केव्हापासून, दर वेळी की अधूनमधून, त्यापूर्वी काय बदलले, एवढ्या प्रश्नांनीही प्रारंभ करता येईल.

चरखा संघाच्या अटींनी जे चांगल्या यंत्राच्या व्याख्येत घातले होते, तेच आज यंत्र घेणाऱ्याच्या प्रश्नात आले पाहिजे : हे यंत्र त्या यंत्रापेक्षा कशात चांगले, आणि बिघडल्यास त्याचे दुखणे कोणाला, कोणत्या भाषेत सांगता येईल? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहते.