वीटभट्टीच्या हंगामात निर्गमाचा अभ्यास



आमच्या शिक्षणासाठी तुम्ही प्रार्थना करता आणि दानही देता. म्हणून सघन अभ्याससत्र म्हणजे काय, तेथे काय शिकवतात आणि वाडीवर त्याचा काय उपयोग होतो, हे तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे. मी रायगड जिल्ह्यातील कातकरी वाड्यांवर सेवा करतो आणि घरी राहून सेमिनरीचा अभ्यासक्रम शिकतो. यंदा जानेवारीत पनवेल येथे सात दिवसांचे सत्र झाले. विषय होता निर्गमाचे पुस्तक.

सेमिनरीचे शिक्षण म्हटले की तीन वर्षे वसतिगृहात राहणे आपल्या डोळ्यांसमोर येते. ज्याच्यामागे घर, मुले आणि चार वाड्या आहेत त्याला ते जमत नाही. ही अडचण जगभर होती. १९६३ साली ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विद्यार्थ्याला सेमिनरीत आणण्याऐवजी शिक्षण विद्यार्थ्याच्या गावी नेले. भारतात १९७१ साली बंगलोरला याच धर्तीवर काम सुरू झाले. सघन सत्र त्याच विचारातले आहे. आधी घरी वाचन, मग सात दिवस समोरासमोर शिकणे, आणि परतल्यावर आपल्या सेवाक्षेत्रातून लिहायचा स्वाध्याय. आम्ही निर्गमाचे ४० अध्याय तीनदा वाचून, प्रश्नांची वही भरूनच पनवेलला गेलो.

जानेवारीच का? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात निम्मी वाडी बंद असते. आमचे वेळापत्रक भट्टीच्या हंगामावर ठरते.

दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू होई. सकाळी दोन तास अध्यापन, मग गटात वाचन, दुपारी पुन्हा दोन तास, रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी. जेवणापूर्वी टीकाग्रंथ उघडायचा नाही असा नियम होता. आधी मूळ अध्याय वाचायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या : येथे कोण बोलतो, कोण गप्प आहे आणि कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो.

थोडी इब्री अक्षरेही शिकलो. कोकणात ही भाषा परकी नाही. पनवेलमध्येच बेने इस्राएल समाजाचे १८४९ साली बांधलेले बेथ एल सभास्थान आहे. शब्बाथाला तेलाचे घाणे बंद ठेवणाऱ्या या मराठी बोलणाऱ्या लोकांना गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली इब्री व्याकरण मराठीत लिहिले होते. मराठीतून इब्री शिकणारे आम्ही काही पहिले नव्हतो.

तिसऱ्या दिवशी पाचवा अध्याय होता. फारो गवत देणे बंद करतो, पण विटांची संख्या कमी करत नाही. सरांनी समजावले की चिखलात बारीक केलेले गवत मिसळले की वीट सुकताना तडकत नाही. तेव्हा आमचा एक कातकरी सहाध्यायी उभा राहिला. त्याच्या आईवडिलांची उमर भट्टीवर गेली. त्याने सांगितले, “आमच्याकडे भाताचा तूस घालतात. नवरा-बायको मिळून माती तुडवायची, साच्यात विटा पाडायच्या, दर हजारावर ठरतो. हंगामाआधी उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब शेवटी. विटा कोण मोजतो? मालक मोजतो.” मग तो चौदाव्या वचनाकडे वळला. तेथे मार खाणारे नायक इस्राएलीच आहेत. “आमचा मुकादमही आमच्यातलाच,” तो म्हणाला. त्या दिवशी सरांनी पुढचा अध्याय घेतला नाही.

एकाने विचारले, मग प्रत्येक भट्टीमालक फारोच का? सर म्हणाले, तसे नाही. काम नसलेल्या महिन्यांत त्याच उचलीवर घर चालते. पाहायचे ते हे की मजुराला आपल्या विटा मोजता येतात का, आणि काम सोडून जाता येते का. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे. आपल्या देशातही १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आहे. कर्जापोटी कोणाला कामावर अडकवून ठेवले असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा दक्षता समितीकडे दाद मागता येते.

माझ्यासाठी सर्वांत मोलाचे वचन मात्र सहाव्या अध्यायात निघाले. मोशे सुटकेची वार्ता सांगतो, पण लोक ऐकत नाहीत, कारण कठीण कष्टांनी त्यांचे मन खचलेले असते. वाडीवर कोणी ऐकत नाही तेव्हा आम्ही सेवक त्याला उदासीनता म्हणतो. शास्त्र त्याला थकवा म्हणते. थकलेल्या माणसाला उपदेश वाढवून चालत नाही. त्याचे ओझे कशाचे आहे ते पाहावे लागते.

म्हणून मी स्वाध्यायासाठी हिशेबाची वही निवडली. आमच्या घरांत लिहिता येणारे थोडे, त्यामुळे वहीत रेघा आहेत : हजार विटांना एक उभी रेघ, खर्ची मिळाली की एक गोल. तीन कुटुंबे ती वही ठेवत आहेत. चौथ्या घरच्या ताईंनी नाही म्हटले. मालकाला कळले तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही त्यांची भीती खरी आहे. त्यांना मी पुन्हा आग्रह केला नाही.

हंगामाचा हिशेब मे महिन्यात होईल. त्या दिवशी तीन वह्या मालकाच्या वहीशेजारी ठेवल्या जातील. आकडे जुळावेत, न जुळल्यास शांतपणे बोलण्याचे धैर्य मिळावे, आणि कोणाचे पुढचे काम जाऊ नये, यासाठी कृपया आपल्या मंडळीत प्रार्थना करा. कोणी वकिली किंवा हिशेबाचे काम जाणणारे असाल, तर मे महिन्यातला एक दिवस आम्हाला द्या. वाडीवर तुमचे स्वागत होईल.